घराघरांतल्या तुकोबांचा चेहरा : कै. विष्णुपंत पागनीस

श्रींच्या कृपेने, ग्रामस्थांच्या श्रमाने आणि देणगीदारांच्या उदार हाताने आपल्या तुर्भे गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संतांची चरित्रे असावीत, गावचा इतिहास असावा, हे ओघानेच आले. परंतु एका नटाचे चरित्र देवळाच्या स्मरणिकेत कशाला, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींना पडेल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, देव्हाऱ्याजवळ किंवा ओटीवरच्या भिंतीला, श्री संत तुकाराम महाराजांची तसबीर आहे. हातात वीणा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गंध, डोळे अर्धे मिटलेले आणि मुद्रेवर एक अपार शांती. पालखीच्या दिवसांत तिला हार घालतो. बीजेच्या दिवशी तिच्यापुढे उदबत्ती लावतो. आता विचार करा, तुकोबा वैकुंठाला गेले ते सतराव्या शतकाच्या मध्यावर. त्या काळी छायाचित्राची कला जन्मालाही आली नव्हती. मग ही तसबीर आली कोठून? यांतल्या पुष्कळ तसबिरींत जे मुख आपण पाहतो, ते १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटात तुकोबांचे काम करणाऱ्या नटाचे आहे, किंवा त्यावरून चित्रकाराने काढलेले आहे. त्या नटाचे नाव विष्णुपंत पागनीस.

मुख घरोघरी पोहोचले, नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्या पुस्तिकेच्या पानापानांवर देणगीदारांची नावे छापली आहेत, त्याच पुस्तिकेत या विसरल्या गेलेल्या नावाची आठवण व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू.

बालपण आणि नाटक मंडळी

विष्णुपंतांचा जन्म १ नोव्हेंबर १८९२ रोजी चिकोडी येथे झाला. हे गाव आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहे. पण त्या काळी हा सारा मुलूख मुंबई इलाख्यात होता. कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव, हुबळी या पट्ट्यात मराठी नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड सतत हिंडत असे. गोड गळ्याचा आणि नाजूक चणीचा मुलगा कोठे दिसला, की मंडळीचे मालक त्याच्यावर नजर ठेवीत. कारण बायकांची कामे करायला अशीच मुले लागत. त्या काळच्या नामांकित संगीत मंडळ्यांत स्त्रियांची कामे पुरुषच करीत.

विष्णुपंत लहान वयातच ‘स्वदेश हितचिंतक’ या नाटक मंडळीत दाखल झाले. याच मंडळीत केशवराव भोसले नावाचा आणखी एक मुलगा होता. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात शारदेचे काम करून त्याने लहानपणीच नाव मिळवले आणि पुढे १९०८ साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी उभी केली. अशा गुणी मुलांच्या संगतीत विष्णुपंतांची जडणघडण झाली.

नाटक मंडळीतले जिणे सोपे नव्हते. पहाटे उठून गळा तापवायचा, दिवसा तालीम, रात्री खेळ. खेळ रात्री सुरू होत तो उत्तररात्रीपर्यंत चाले. आज या गावी तर उद्या त्या गावी, बैलगाडीत सामान आणि सामानावर माणसे. लुगडे नेसून चालायचे कसे, पदर सावरायचा कसा, मान वळवायची कशी, लाजायचे कसे, रडायचे कसे, हे सारे घोटून घ्यावे लागे. प्रेक्षकाला घटकाभर जरी समोर पुरुष आहे असे वाटले, तरी काम पडले म्हणून समजा. विष्णुपंतांनी ही विद्या मन लावून साधली आणि स्त्री-भूमिका करणारे गायक नट म्हणून नाव कमावले.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या आगरी-कोळी गावांतून जत्रेला, सणाला नाटके होत, तेव्हा गावातलाच एखादा तरुण मिशी उतरवून द्रौपदी किंवा तारामती होई. दुसऱ्या दिवशी तोच शेतावर किंवा होडीवर दिसला की पोरे त्याला चिडवीत. असा नट जन्मभर थोडी थट्टा पदरात बांधूनच वावरतो. विष्णुपंतांच्या वाट्यालाही पुढे हीच गोष्ट आली, आणि ती ऐन मोक्याच्या वेळी आली.

पडदा बदलला

वय वाढले की स्त्री-भूमिकेचे दिवस सरतात. अंग भरते, आवाज जड होतो. त्यातच काळ बदलला. मुके चित्रपट आले आणि मागोमाग बोलपट आले. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट लागला. त्यात तारामतीचे काम दुर्गाबाई खोटे या सुशिक्षित घरातल्या बाईंनी केले. बायकांची कामे बायकाच करू लागल्या, तेव्हा लुगडे नेसणाऱ्या नटाला विचारतो कोण? नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या, एकेक करून बंद पडल्या. ज्यांच्या गाण्यावर रात्र रात्र लोक डोलत, त्यांना पोटापाण्याची दुसरी वाट शोधावी लागली.

विष्णुपंत संगीत शिकवू लागले आणि भजने गाऊ लागले. रंगभूमीवर कमावलेला गळा आता देवापुढे लागला. नाटकातल्या गायकाला टाळी हवी असते, म्हणून तो तानेवर तान घेतो. भजन म्हणणाऱ्याला शब्द हवा असतो, कारण अभंगाचा शब्द समोरच्याच्या मनात उतरला नाही तर गाणे वाया गेले. विष्णुपंतांचा गळा या दुसऱ्या वाटेला लागला. पुढच्या कामाची ही पूर्वतयारीच होती म्हणायची.

प्रभातची मंडळी

इथे थोडे प्रभात कंपनीविषयी सांगितले पाहिजे. १९२९ साली कोल्हापुरात ही कंपनी निघाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. दामले आणि फत्तेलाल ही तर जोडीच. दोघांनी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हाताखाली कामे करून विद्या मिळवली होती. एक चित्पावन ब्राह्मण, दुसरा मुसलमान. पण सख्ख्या भावांप्रमाणे राहिले. कंपनीत सगळे त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. तुकोबांचा हा बोलपट याच जोडीने मिळून दिग्दर्शित केला. देहूचे घर, देऊळ, गल्ल्या हे सारे फत्तेलालांच्या नजरेखाली उभे राहिले. विठ्ठलाच्या भक्ताची कथा सांगायला एका मुसलमान कलावंताने आपले कसब ओतले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रभातने त्याआधी १९३५ साली ‘धर्मात्मा’ हा संत एकनाथांवरचा बोलपट काढला होता. त्यात नाथांचे काम खुद्द बालगंधर्वांनी केले होते. बालगंधर्व म्हणजे स्त्री-भूमिकेचा मेरू. महाराष्ट्राने त्यांच्यावर जीव ओवाळून टाकला होता. परंतु तो बोलपट अपेक्षेइतका चालला नाही आणि बालगंधर्व पुन्हा रंगभूमीकडे वळले. एवढ्या थोर नटाची ही गत झाली, तर दुसऱ्या स्त्री-भूमिकेच्या नटाला संताचे काम द्यावे कसे?

नको असलेला तुकोबा

‘संत तुकाराम’चे लेखन शिवराम वाशीकर यांनी केले. तुकोबांच्या कामासाठी विष्णुपंत पागनीसांचे नाव निघाले, तेव्हा फत्तेलालांना ते पसंत पडले नाही. त्यांचा आक्षेप सरळ होता. या माणसाचे आयुष्य बायकांची कामे करण्यात गेले. चालण्याबोलण्यात ते नाजूकपण मुरलेले. तुकोबा म्हणजे कुणब्याच्या घरचा, रानावनात हिंडणारा, दुष्काळात होरपळलेला, लोकांच्या शिव्या खाल्लेला राकट गडी. त्याच्या अंगी ही नाजूक ढब कशी शोभावी?

आक्षेप खोटा नव्हता. विष्णुपंतांच्या देहाला तीस वर्षांचे वळण होते. ते एका दिवसात जाणारे नव्हते. तेव्हा वय चव्वेचाळिशीला टेकलेले. नाटकाचे दिवस मागे गेलेले. हे काम हातचे गेले असते, तर आज त्यांचे नाव जुन्या नाटक मंडळ्यांच्या इतिहासात एखाद्या ओळीपुरते उरले असते.

अखेर काम त्यांनाच मिळाले. असे सांगतात, की काम सुरू करण्यापूर्वी विष्णुपंत देहूला गेले, तुकोबांच्या स्थानी बसले आणि त्यांनी कौल लावल्यासारखी मनोभावे प्रार्थना केली. ती गोष्ट जशी घडली असेल तशी असो. पुढे पडद्यावर जे दिसले, ते मात्र सर्वांनी पाहिले.

ज्याला दोष म्हटले गेले होते, तोच गुण ठरला. विष्णुपंतांनी राकटपणाचा आव आणला नाही. त्यांचे तुकोबा सावकाश चालतात, हळू बोलतात, कोणावर डोळे वटारत नाहीत. कोणी मारायला धावला तरी त्यांच्या मुद्रेवर राग येत नाही, उलट मारणाऱ्याचीच दया येते. स्त्री-भूमिका करताना जी ऋजुता, जे सोसणे, जी मायेची नजर त्यांनी वर्षानुवर्षे कमावली होती, ती सगळी इथे कामी आली. आपल्या वारकरी पंथात विठोबाला विठाई म्हणतात, ज्ञानोबांना माउली म्हणतात. संत हा बाप असतो तशी आईही असतो. हे ज्याला कळते, त्याला पागनीसांचे तुकोबा पाहताना नवल वाटत नाही.

बोलपटातील तुकोबा

कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची. तुकोबांना संसाराचे भान नाही. पोरांच्या पोटात अन्न नाही. आवली म्हणजे जिजाई तोंडाने फटकळ, पण अंतःकरणाने सोन्यासारखी. गावात सालोमालो नावाचा ढोंगी बुवा, तुकोबांचे अभंग चोरून स्वतःच्या नावावर खपवणारा. वर उलट तोच कांगावा करतो, की तुक्यानेच माझे अभंग चोरले. तुकोबांना नादी लावण्यासाठी तो एका कलावंतिणीला पाठवतो, तर ती बाईच तुकोबांच्या भजनाने बदलून जाते. रामेश्वरशास्त्री शूद्राला वेदार्थ सांगण्याचा अधिकार नाही म्हणून गाथा इंद्रायणीत बुडवायला लावतात आणि तुकोबा नदीकाठी अन्नपाण्यावाचून बसतात. शिवाजी महाराज भेट पाठवतात, ती तुकोबा परत करतात. शेवटी गरुडाचे विमान येते, तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते.

जिजाईचे काम गौरी नावाच्या बाईंनी केले. या बाई काही नावाजलेल्या नटी नव्हत्या. प्रभात कंपनीतच अगदी साधी, किरकोळ कामे करणाऱ्या. त्यांच्या बोलण्यात खेड्याचा अस्सल ठसका होता. आजारी लेकराला घेऊन, हातात वहाण घेऊन देवालाच जाब विचारायला देवळात जाणारी त्यांची जिजाई पाहून बायाबापड्यांना आपल्याच घरातली आई-आजी आठवली. एकीकडे पागनीसांचे आभाळाकडे लागलेले डोळे, दुसरीकडे गौरीबाईंचे चुलीकडे लागलेले डोळे. या दोहोंच्या ओढाताणीत तो बोलपट खरा झाला. संत थोर खरा, पण त्याच्या घरच्या बाईने काय सोसले, हेही दामले-फत्तेलालांनी झाकून ठेवले नाही. सालोमालोचे काम भागवत यांनी असे वठवले, की ढोंगी माणसाला खेडोपाडी सालोमालो म्हणू लागले तर नवल नाही.

संगीत केशवराव भोळे यांचे होते. नाट्यसंगीतातल्या ताना, हरकती बाजूला सारून त्यांनी भजनाचा साधा बाज धरला. टाळ, मृदंग, वीणा आणि मोकळा गळा. विष्णुपंतांनी आपली गाणी स्वतः म्हटली. त्यांचा गळा नाटकाचा, पण भजनात मुरलेला. म्हणून ते गाणे कानाला गोड लागूनही शब्द हरवत नाही.

एका गाण्याची हकिकत इथे सांगण्याजोगी आहे. बोलपटासाठी तरुण कवी शांताराम आठवले यांनी तुकोबांच्या धाटणीचा एक अभंग रचला. बीज आणि तरू यांचा दाखला देणारा. विष्णुपंतांनी तो असा काही म्हटला, की ऐकणाऱ्यांनी तो तुकोबांचाच धरून चालला. जाणत्या अभ्यासकांनाही तो अस्सल वाटला. गाथेत मात्र तो सापडत नाही, कारण तो तिथे नाहीच. आजही अनेक भजनी मंडळे तो तुकोबांचा म्हणून म्हणतात. कवीचे नाव मागे पडले, अभंग पुढे गेला. ज्या बोलपटात सालोमालो दुसऱ्याच्या अभंगावर आपले नाव घालतो, त्याच बोलपटातल्या कवीने स्वतःचा अभंग तुकोबांच्या पायी वाहिला आणि तो तुकोबांचाच होऊन बसला.

लोकांनी काय केले

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत सेंट्रल सिनेमात हा बोलपट लागला आणि त्याच एका थिएटरात ५७ आठवडे चालला. वर्षाहून अधिक काळ एकच खेळ. त्या काळी ही गोष्ट कोणी ऐकलेली नव्हती. गिरणगावचे कामगार, कोकणातून पोटासाठी आलेले चाकरमानी, बाजारहाटाला मुंबईत गेलेले खेडूत, ज्यांनी जन्मात नाटक-सिनेमा पाहिला नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्या, सारे लोटले. आपल्या तुर्भ्याहून तेव्हा मुंबई गाठायची म्हणजे होडीने खाडी ओलांडायची नाहीतर ठाण्यावरून वळसा घालायचा. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. त्याआधी मुंबई डोळ्यांना दिसे, पण पायांना लांब होती.

पुढे तंबूतल्या फिरत्या सिनेमांनी हा बोलपट खेडोपाडी नेला. लोक गाड्या जुंपून येत. पडद्यावर तुकोबा दिसले की हात जोडत. खेळाला आल्यासारखे नव्हे, कीर्तनाला आल्यासारखे बसत. पुढे दूरदर्शन आले, तेव्हा ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओटीवर आळी जमू लागली, आणि नव्या पिढीनेही तेच तुकोबा पाहिले.

कीर्ती देशापुरती राहिली नाही. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘संत तुकाराम’चा गौरव झाला. ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, विठोबा कोण हे ठाऊक नव्हते, त्यांनाही देहूच्या या वाण्याची कथा पोहोचली. परदेशातल्या अशा महोत्सवात सन्मान मिळवणाऱ्या पहिल्यावहिल्या भारतीय बोलपटांत त्याची गणना होते.

संताचे ओझे

आणि इथेच विष्णुपंतांच्या आयुष्यातली खरी कसोटी सुरू झाली. नट वेष उतरवतो आणि घरी जातो. आज राजा, उद्या भिकारी, परवा राक्षस. हाच त्याचा धर्म. विष्णुपंतांनी तर जन्मभर वेष बदलण्याचेच काम केले होते. सौभाग्यवतीचे लुगडे नेसून हजारोंना फसवले आणि पहाटे रंग पुसून ते पुन्हा विष्णू झाले. पण तुकोबांचा वेष लोकांनी त्यांना उतरवू दिला नाही. त्यांच्या छबीच्या तसबिरी झाल्या. त्यांची पूजा होऊ लागली. जिवंतपणी आपल्याच छबीला हार पडलेला पाहणे, ही साधी गोष्ट नव्हे. एखादा हुरळून गेला असता. एखाद्याने बुवाबाजी मांडली असती. मठ काढायला आणि दक्षिणा घ्यायला कितीसा वेळ लागतो? लोक तयारच होते.

विष्णुपंतांनी तसे केले नाही. ते संत नव्हते आणि त्यांनी तसा दावा केला नाही. ते नट होते, मोबदला घेऊन काम करणारे होते, आणि नटच राहिले. १९३९ साली रणजित कंपनीच्या ‘संत तुलसीदास’ या हिंदी बोलपटात त्यांनी तुलसीदासांचे काम केले. १९४० साली विजय भट्ट यांच्या ‘नरसी भगत’मध्ये नरसी मेहता झाले. १९४३ साली ‘महात्मा विदुर’मध्ये विदुर झाले. ‘नरसी भगत’ आणि ‘महात्मा विदुर’ या दोन्ही बोलपटांत त्यांच्याबरोबर दुर्गाबाई खोटे होत्या. काळाची गंमत पाहा. ज्या बाईंच्या पिढीने स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांचे दिवस संपवले, त्यांच्याच जोडीने हा जुना स्त्री-भूमिकेचा नट आता संत आणि भक्त रंगवीत होता.

मात्र एक गोष्ट दिसते. तुकोबांनंतर त्यांच्या वाट्याला संत-भक्तांचीच कामे आली. खलनायक किंवा विनोदी गडी म्हणून त्यांना कोणी बोलावले नाही आणि लोकांनीही ते चालवून घेतले नसते. ज्याने तरुणपणी शेकडो रूपे घेतली, त्याला उतारवयात एकाच रूपात राहावे लागले. कलावंत म्हणून हे बंधनच. पण ते त्यांनी गोड मानून घेतले. भजन सोडले नाही. लोकांनी जो मान दिला, त्याला उणेपणा येईल असे काही केले नाही.

३ ऑक्टोबर १९४३ रोजी विष्णुपंतांचे निधन झाले. वयाची एक्कावन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. तुकोबांचे काम केल्यापासून जेमतेम सात वर्षे. पुढे १९४५ साली दामलेमामा गेले, १९६४ साली साहेबमामा गेले. प्रभात कंपनी बंद पडली. पुण्याच्या तिच्या जागेत १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. तिथे देशभरातून मुले शिकायला येतात. हा बोलपट मात्र अजून पाहायला मिळतो. आजची मुले तर तो हातातल्या मोबाईलवरही पाहू शकतात.

गुप्तदान

आपल्या गावानेही खूप स्थित्यंतरे पाहिली. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारे हे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, कारखाने आले, घाऊक बाजार आला, रस्ते आणि रेल्वे आली. सभोवार शहर उभे राहिले. ज्या जमिनीवर पूर्वजांनी नांगर धरला, ती कोणाच्या नावे झाली, हे कित्येकांना आज सांगताही येणार नाही. अशा बदलत्या काळात देऊळ हीच जागा अशी उरली, की जिथे गाव हे गाव म्हणून एकत्र येते. म्हणूनच जीर्णोद्धाराला एवढा हातभार लागला.

या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आहे. ज्यांनी दिले त्यांची नावे छापणे हे आमचे कर्तव्य आहे आणि त्यात कोणाला संकोच वाटण्याचे कारण नाही. पण कोणत्याही देवळाच्या यादीत काही ओळी अशा असतात, जिथे नावाच्या जागी नुसते गुप्तदान असे लिहिलेले असते. आणि ज्यांनी डोक्यावरून घमेली वाहिली, सुट्टीच्या दिवशी येऊन राडारोडा उचलला, पंगतीला वाढले, त्यांची तर कोणती यादीच नसते.

मूर्ती घडवणाऱ्या कारागिराचे नाव मूर्तीवर नसते. प्राणप्रतिष्ठा झाली, की तो स्वतः हात जोडून भक्तांच्या रांगेत उभा राहतो. विष्णुपंतांच्या बाबतीत तसेच घडले. फरक इतकाच, की त्यांनी दगड घडवला नाही, स्वतःचा देह घडवला. आपला चेहरा तुकोबांना दिला आणि नाव मागे राहू दिले. बोलपटाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर त्यांचे नाव आहे, मोबदलाही त्यांनी घेतला, हे खरे. तरीही हार पडला तो तुकोबांना. तो आपल्या गळ्यात ओढून घेण्याचा मोह त्यांनी आवरला, आणि नटाच्या हातून होणारे गुप्तदान याहून मोठे ते काय असावे?

सालोमालोने दुसऱ्याच्या अभंगावर आपले नाव घातले, तो हसण्यावारी गेला. आठवल्यांनी आपल्या अभंगावरचे नाव पुसू दिले, पागनीसांनी आपल्या चेहऱ्यावरचे नाव पुसू दिले, ते दोघे घरोघरी राहिले.

तेव्हा ग्रामस्थहो, उद्या एकादशीला भजनाला बसाल, समोरच्या भिंतीवर ती तसबीर असेल, तर हात तुकोबांनाच जोडा. विष्णुपंतांनाही तेच हवे असणार. पण हात खाली घेताना क्षणभर चिकोडीच्या त्या मुलाची आठवण ठेवा, ज्याला एके काळी या कामासाठी नालायक म्हटले गेले होते. आपल्या नव्या मंदिराच्या छायेत त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून हा लेख श्रीचरणी अर्पण करतो.